गुप्तवार्तेत जायचंय, पण नेमकं कोणत्या कामाला?

पत्र : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. भूगोल मुख्य विषय, सोबत संख्याशास्त्र, आणि गेली दोन वर्षं एक परकी भाषा शिकते आहे. मला लष्करी गुप्तवार्ता विभागात काम करायचं आहे. आई म्हणते, ‘म्हणजे हेरगिरीच ना?’ भाऊ म्हणतो, ‘तू चार लोकांत तोंड उघडत नाहीस, तुला कोण घेणार?’ नेटवर शोधलं की पदांच्या नावांच्या याद्या मिळतात, पण ती माणसं दिवसभर नक्की काय करतात ते कुठंच कळत नाही. माझ्यासारखीला यातलं काय जमेल? आणि या कामात घरच्यांशी आयुष्यभर खोटं बोलावं लागतं का? – एक विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनी,

आधी भावाचं म्हणणं निकालात काढू. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश जिथं फोडले जात, त्या ब्लेचली पार्कमध्ये युद्ध संपत आलं तेव्हा दहा हजारांच्या आसपास माणसं कामाला होती आणि त्यांत साधारण तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. ज्यांची नावं आज आपण ऐकतो ते गणिती मूठभर. बाकीच्या पाळ्यांमध्ये यंत्रं चालवत, संदेश टाइप करत, भाषांतर करत, आणि संदेशात आलेलं प्रत्येक नाव, तुकडी, जहाज, हुद्दा कार्डावर उतरवून जागच्या जागी लावत. एखादा अधिकारी काही महिन्यांपूर्वी एका ठिकाणच्या संदेशात आला होता आणि आज दुसरीकडूनच बोलतो आहे, म्हणजे त्याची तुकडी हलली असावी, हे त्या कार्डांमुळे लक्षात येई. अशा खोलीत चार लोकांत न बोलणारी मुलगी अजिबात अडत नाही.

आता पदांच्या याद्यांबद्दल. गुप्तवार्तेतली सगळी पदं शेवटी एकाच माणसासाठी असतात : ज्याला निर्णय घ्यायचा आहे तो सेनाधिकारी. त्याला चार गोष्टी हव्या असतात. शत्रू कुठं आहे, किती आहे, त्याला काय काय करता येईल, आणि तो काय करणार आहे. पहिल्या तिन्हींची उत्तरं बघून, ऐकून, मोजून बऱ्याच अंशी मिळवता येतात. चौथ्याचं उत्तर दुसऱ्याच्या मनात असतं, आणि पुष्कळदा त्याचंही ठरलेलं नसतं. यादीतल्या प्रत्येक पदापुढे स्वतःला विचार, हे काम या चारांपैकी कशाचं उत्तर शोधतं? आणि किती अनिश्चितता अंगावर घेऊन आपण नीट झोपू शकू? माझ्या मते निवड यावरून करावी. पदाच्या भारदस्त नावावरून केलेली निवड दोन वर्षांत नकोशी होते.

तुझा भूगोल जिथं थेट कामाला येतो तिथून सुरुवात करते. हवाई आणि उपग्रह छायाचित्रांचं वाचन हे स्वतंत्र काम आहे. त्यात एकच चित्र टक लावून बघण्यापेक्षा आजचं चित्र कालच्याशी, मागच्या महिन्याच्या चित्राशी ताडून पाहणं जास्त असतं. सावलीच्या लांबीवरून उंची काढायची, चाकोऱ्यांवरून वाहनांचा प्रकार आणि वर्दळ ओळखायची, कुंपण नवं आहे की जुनं ते बघायचं, आणि रोज असणारी कुठली गोष्ट आज नाही तेही टिपायचं. ब्रिटिश हवाई दलात कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ नावाची अधिकारी हे काम करी. स्टिरिओस्कोपखाली एकाच जागेची, एकमेकांवर थोडी चढणारी दोन छायाचित्रं ठेवली की सपाट कागदाला खोली येते आणि इमारती उभ्या दिसू लागतात. नोव्हेंबर १९४३मध्ये घेतलेली, बाल्टिक किनाऱ्यावरच्या पेनेम्युंडेची छायाचित्रं अशीच बघताना एका उताराच्या टोकाला तिला क्रूसासारखा इवलासा आकार दिसला. ते व्ही-१ हे वैमानिकाविना उडणारं अस्त्र होतं, आणि त्यामुळे फ्रान्सच्या किनाऱ्यावर उभारल्या जाणाऱ्या तशाच उतारांचा अर्थ लागला. आता उपग्रहांवरचं रडार ढगांतून आणि काळोखातही बघतं, संगणक बदल शोधून खुणा करून देतो. पण ती खूण म्हणजे ट्रक आहे की ट्रकसारखं रंगवलेलं लाकूड, हे ठरवायला अजून माणूसच लागतो.

याच्या शेजारचं काम भूप्रदेशाच्या विश्लेषणाचं. नदी कुठं उतरून ओलांडता येईल, पावसानंतर कुठली माती रणगाड्याचं वजन पेलेल, कुठल्या टेकडीवरून कुठला रस्ता दिसतो. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं ठरत होतं तेव्हा वाळूच्या खाली मऊ माती निघेल आणि गाड्या रुततील अशी शंका शास्त्रज्ञांना आली. म्हणून ३१ डिसेंबर १९४३च्या रात्री, पहारेकरी नववर्षाच्या नादात असतील असा हिशेब करून, लोगन स्कॉट-बाउडन आणि ब्रूस ऑग्डेन-स्मिथ हे दोघे ब्रिटिश सैनिक पोहत त्या किनाऱ्यावर गेले. जमिनीत गिरमिट घालून मातीचे नमुने नळ्यांत भरून त्यांनी परत आणले. पोहणारे दोघं धाडसी होतेच. पण त्यांनी काय आणायचं, हे नकाशासमोर बसलेल्या कुणीतरी विचारलं म्हणून ते गेले. तो प्रश्न विचारणारी तू होऊ शकतेस.

संदेश ऐकण्याचं क्षेत्र मोठं आहे आणि त्यात एकमेकांपासून अगदी वेगळी कामं आहेत. कुणी लहरी पकडतो, कुणी त्यांची दिशा मोजून प्रेषक कुठं आहे ते नकाशावर काढतो, कुणी संकेत फोडतो. संदेश फुटला नाही तरी कोण कुणाशी, किती वेळा, कोणत्या वेळी बोलतो यावरून सैन्याची मांडणी उलगडणारी माणसं वेगळीच. संख्याशास्त्राचा माणूस इथं लवकर रमतो. १९४२च्या वसंतात अमेरिकी नौदलाच्या पर्ल हार्बरमधल्या संकेतभेद गटाला जपानी संदेशांत पुढच्या हल्ल्याच्या ठिकाणासाठी ‘एएफ’ ही अक्षरं पुन्हा पुन्हा दिसत होती. गटप्रमुख जोसेफ रोशफोर्टच्या मते ते मिडवे बेट होतं, वॉशिंग्टनमधल्या वरिष्ठांना पटत नव्हतं. तेव्हा समुद्राखालच्या केबलवरून मिडवेला कळवण्यात आलं, की तुमचं पाणी गोडं करण्याचं यंत्र बिघडलंय असा संदेश बिनसंकेती भाषेत रेडिओवरून पाठवा. लवकरच जपानी संदेश सापडला : ‘एएफ’वर पाण्याची टंचाई आहे.

ही गोष्ट सगळे सांगतात. तिचा पुढचा भाग तुझ्या जास्त कामाचा आहे. अमेरिकी पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख निमित्झ यांनी आपला गुप्तवार्ता अधिकारी एडविन लेटन याला नेमकं सांगायला लावलं : जपानी ताफा कधी, कुठून येईल, किती अंतरावर दिसेल. लेटनने दिशा, मैल, वेळ असा आकडा दिला. ४ जून १९४२च्या सकाळी जपानी विमानं दिसली तेव्हा निमित्झ त्याला म्हणाले, तू फक्त पाच मैल, पाच अंश आणि पाच मिनिटांनी चुकलास. हाताशी पुरावा अर्धामुर्धा असताना आकडा उच्चारण्याची हिंमत लेटनने दाखवली. गुप्तवार्तेत हिंमत हा शब्द बहुतेक वेळा याच अर्थाने लागू पडतो.

भाषेचं म्हणशील तर दोन वर्षांच्या अभ्यासावर वर्तमानपत्र वाचता येईल. खरखरणाऱ्या रेडिओवर, वैतागलेल्या सैनिकाच्या तोंडची, बोलीत आणि शिव्यांत घोळलेली दोन वाक्यं समजणं ही वेगळी पातळी आहे. तिथवर जायचं असेल तर व्याकरणाचं पुस्तक काही दिवस बाजूला ठेवून रोज ऐक : बातम्या, भांडणं, खेळांचं समालोचन, वेगवेगळ्या प्रांतांतली माणसं. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे सहा हजार अमेरिकी सैनिकांनी भाषातज्ज्ञ म्हणून काम केलं. हाती लागलेली कागदपत्रं, रोजनिश्या, नकाशे त्यांनी वाचले. त्यांच्यातल्या अनेकांची कुटुंबं त्याच वेळी त्यांच्याच सरकारने काटेरी तारांच्या छावण्यांत डांबली होती. हे वाचलं की मला आजही वाईट वाटतं. ज्या संस्थेसाठी काम करायचं ती नेहमी आपल्याशी न्यायाने वागेलच असं नाही, हेही तुला आधी माहीत असावं.

माणसांकडून माहिती मिळवण्याची कामं आली की आईचा ‘हेर’ थोडाफार दिसतो. युद्धकैद्यांची चौकशी करणारे, निर्वासितांशी बोलणारे, खबरे सांभाळणारे. इथंही बडबड्या माणसापेक्षा ऐकणारा माणूस सरस ठरतो. जर्मन हवाई दलाचा हान्स शार्फ हा चौकशी अधिकारी पकडलेल्या वैमानिकांना मारहाण करत नसे. तो त्यांना फिरायला नेई, गप्पा मारी, आणि आपल्याला सगळं आधीच ठाऊक आहे असं भासवून नकळत हवा तो तपशील काढून घेई. पुढे अमेरिकेलाही त्याची पद्धत समजून घ्यावीशी वाटली. १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार कैद्यावर नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक एवढंच सांगण्याचं बंधन आहे, आणि माहितीसाठी त्याच्यावर शारीरिक किंवा मानसिक बळजबरी करायला मनाई आहे. या कामात शिरणाऱ्याने ही मर्यादा मनापासून मानलेली हवी; वरिष्ठाने डोळेझाक केली तरी. खबरी सांभाळणं याहून जड. समोरच्या माणसाचा जीव तुझ्या सावधपणावर अवलंबून असतो, आणि तू त्याला पूर्ण संरक्षण देऊ शकत नाहीस हे तुला माहीत असतं. तुझ्या पत्रावरून हे काम तुला सुचवावंसं मला वाटत नाही. पुढे ओढ वाटली तर वाटली.

प्रतिगुप्तवार्ता, म्हणजे शत्रूच्या गुप्तहेरांपासून आपलं घर राखणं, बाहेरून फार रोमहर्षक दिसतं. त्याची मोठी उदाहरणं रोमहर्षक आहेतही : हुआन पुजोल या स्पॅनिश माणसाने जर्मनांचा हेर असल्याचं भासवत ब्रिटिशांसाठी काम करताना २७ काल्पनिक हेर उभे केले आणि १९४४मध्ये दोस्त राष्ट्रांचं खरं आक्रमण नॉर्मंडीत नसून फ्रान्समधल्याच कॅलेला होणार असं जर्मनांना पटवण्यात मोठा वाटा उचलला. रोजचं काम मात्र कागदपत्रांची छाननी, कुणाला काय बघण्याची परवानगी आहे याच्या नोंदी, आणि सहकाऱ्यांवर संशय घेणं. ते करणारे लोक हवेतच. वर्षानुवर्षं संशय घेऊनही ज्यांचा स्वभाव कडवट होत नाही असे हवेत.

आता विश्लेषक. हे सगळे धागे ज्याच्या टेबलावर येतात आणि ज्याला चौथ्या प्रश्नाला भिडावं लागतं तो. तुझ्यासाठी मला हेच काम डोळ्यांसमोर येतं, म्हणून यावर जास्त लिहिते.

विश्लेषकाकडे येणारा अहवाल आधी तोलला जातो. पाश्चात्त्य लष्करांत रूढ असलेल्या पद्धतीत स्रोताला ए ते एफ अशी अक्षरं आणि माहितीला १ ते ६ असे अंक देतात. स्रोत किती भरवशाचा आणि ही विशिष्ट माहिती किती खरी, हे दोन वेगळे निर्णय. भरवशाचा माणूसही चुकीचं ऐकतो, आणि लबाड माणूसही कधीकधी खरं बोलतो. हे वेगवेगळं ठेवायची सवय अंगी बाणली की अर्धं काम जमलं.

संख्याशास्त्र इथं काय करू शकतं याचं एक उदाहरण दे भावाला. जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतो, हा दोस्त राष्ट्रांपुढचा प्रश्न होता. जून १९४० ते सप्टेंबर १९४२ या काळासाठी नेहमीच्या मार्गांनी आलेला अंदाज होता महिन्याला सुमारे १४००. संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या रणगाड्यांच्या भागांवरचे अनुक्रमांक घेतले. क्रमांक ओळीने दिलेले असतील तर सापडलेल्यांपैकी सर्वांत मोठा क्रमांक आणि नमुन्याचा आकार यांवरून एकूण संख्या काढता येते. त्यांचं उत्तर आलं २४६. युद्धानंतर जर्मन कारखान्यांच्या नोंदी मिळाल्या : २४५.

आकडा मिळाला तरी तो शब्दांत मांडावा लागतो, आणि तिथं भल्याभल्यांची फसगत होते. १९५१मध्ये अमेरिकी गुप्तवार्तेच्या एका अंदाजात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असं लिहिलं होतं. ते तयार करणाऱ्यांतले शर्मन केंट यांनी नंतर आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, तुमच्या मनात नक्की किती टक्के होते? उत्तरं वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत आली. सगळ्यांनी एकाच वाक्यावर संमती दिली होती. तू लिहिशील त्या प्रत्येक ‘कदाचित’मागे आकडा असू दे.

आणि मग सर्वांत कठीण भाग : नको असलेली गोष्ट सांगणं. १ ऑक्टोबर १९७३ला इस्रायली लष्कराच्या दक्षिण विभागातला बिन्यामिन सिमान-तोव हा कनिष्ठ अधिकारी अहवाल लिहितो, की सुएझ कालव्यापलीकडचा इजिप्तचा सराव हा युद्धाच्या तयारीचा आडपडदा असू शकतो. दोन दिवसांनी तो पुन्हा लिहितो. त्याच्या वरिष्ठाने ते पुढे जाऊ दिलं नाही, कारण लांब पल्ल्याची शस्त्रं मिळाल्याशिवाय इजिप्त युद्ध करणार नाही असं वरच्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ६ ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं. सप्टेंबर १९४४मध्ये नेदरलँड्समधल्या आर्नहेमला छत्रीधारी सैन्य उतरवण्याआधी ब्रायन उर्कहार्ट या पंचविशीतल्या ब्रिटिश गुप्तवार्ता अधिकाऱ्याने तिथं जर्मन रणगाडे असल्याची छायाचित्रं पुढे ठेवली. त्याला थकवा आला आहे असं ठरवून रजेवर धाडलं गेलं. आर्नहेमला उतरलेल्या सुमारे दहा हजारांपैकी पाव हिश्श्याच्या आसपास माणसं परत आली.

तुझं मितभाषी असणं इथं कसोटीला लागेल, भावाने सांगितलेल्या कारणासाठी नव्हे. शंभर लोकांपुढे भाषण करायची गरज नाही. पण बंद खोलीत, हुद्द्याने कितीतरी मोठ्या माणसाला, त्याची योजना तयार असताना, ‘साहेब, पुरावा तसं सांगत नाही’ हे एक वाक्य न अडखळता म्हणता आलं पाहिजे, आणि त्याने दुसरा निर्णय घेतला तर उद्या तितक्याच निष्ठेने त्याच्यासाठी काम करता आलं पाहिजे. हे जन्मजात नसतं. सरावाने येतं. वर्गात प्राध्यापकांच्या विधानावर शंका आली की हात वर करायला आजपासून लाग.

उघड स्रोतांचं, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या माहितीचं विश्लेषण आणि सायबर या दोन शाखा वेगाने वाढताहेत. उघड स्रोत नवे नाहीत. १९४२मध्ये बीबीसीवरून ब्रिटिश जनतेला युरोपच्या किनाऱ्यांवर सुट्टीत काढलेले फोटो आणि पोस्टकार्डं पाठवायचं आवाहन झालं आणि ढिगांनी चित्रं जमली. आज ते ढीग जालावर आपोआप जमतात आणि त्यांत खोटं मिसळलेलं असतं. पायथनसारखी एखादी संगणकभाषा आणि जीआयएस, म्हणजे नकाशावर माहिती मांडायची संगणकप्रणाली, येत असेल तर कुठल्याही शाखेत उपयोग होईल.

गणवेशातला अधिकारी, गणवेशातला तंत्रज्ञ आणि नागरी कर्मचारी असे तीन रस्ते बहुतेक देशांत असतात. अधिकाऱ्याची दर काही वर्षांनी बदली होते, त्याला माणसं सांभाळावी लागतात, आणि एखाद्या विषयात खोल उतरेपर्यंत तो विषय हातून जातो. नागरी विश्लेषक एकाच प्रदेशावर वीस वर्षं बसू शकतो, पण त्याला युद्धाची आघाडी दिसत नाही आणि पदोन्नती सावकाश होते. तुझं पत्र वाचून मला हा नागरी रस्ता तुझ्या जवळचा वाटतो. मात्र गणवेशाची ओढ असेल तर शारीरिक तयारी आजच सुरू कर. टेबलाशी बसणाऱ्यालाही त्या चाचण्या द्याव्याच लागतात. वय, पात्रता, परीक्षा यांचे नियम बदलत असतात, ते फक्त अधिकृत जाहिरातीत वाच. ‘गुप्तवार्तेत थेट भरती करून देतो’ म्हणणाऱ्या क्लासच्या दारात उभी राहू नकोस.

घरच्यांशी खोटं बोलावं लागतं का? बहुतेक पदांवर नाही. तू कुठल्या खात्यात आहेस हे घरी माहीत असतं. आज काय पाहिलंस ते सांगता येत नाही. रात्रपाळी करून, पडद्यावर माणसं मरताना बघून घरी यायचं आणि जेवताना दुसऱ्याच विषयावर बोलायचं, हे खोटं बोलण्यापेक्षा कमी त्रासाचं असतं असं मला वाटत नाही. ज्यांना हे सांगता येईल असे खात्यातले समुपदेशक आणि जुने सहकारी असतात, त्यांच्याकडे वेळेवर जायला लाजू नये. श्रेयाची अपेक्षाही कमी ठेव. मिडवेनंतर काही महिन्यांतच रोशफोर्टला त्या गटातून हलवलं गेलं. ज्या पदकासाठी त्याची शिफारस झाली होती ते मिळालं तेव्हा तो जाऊन वर्षं झाली होती. आईला एवढंच सांग, की बहुतेक दिवस तू नकाशे, अहवाल आणि चित्रं वाचत असशील.

पार्श्वभूमीची तपासणी कसून होते. कर्ज, जुनी चूक, परदेशातले मित्र, यांतलं काहीही असलं तरी अनेकदा निभावून जातं; लपवलेलं उघडं पडलं की निभावत नाही. अर्ज करणार असल्याचं समाजमाध्यमांवर लिहू नकोस.

आता पुढच्या महिन्यासाठी काम देते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात. दहा मीटरपर्यंतचा तपशील, आणि एकाच जागेचं चित्र साधारण दर पाच दिवसांनी. एखादं मोठं धरण किंवा व्यापारी बंदर निवड. लष्करी ठिकाण मुळीच नको. सहा महिन्यांची चित्रं लावून एकच पान लिही. पहिल्या परिच्छेदात फक्त जे दिसलं ते. दुसऱ्यात त्यावरून काय वाटतं आणि किती टक्के खात्री आहे. तिसऱ्यात, काय दिसलं तर तुझं मत बदलेल. मग पुढच्या दोन महिन्यांत काय होईल याचा अंदाज तारखेसह लिहून ते पान भावाच्या हाती दे आणि त्यात खोट काढायला सांग. दोन महिन्यांनी आलेली चित्रं त्या पानाशेजारी ठेव, आणि अंदाज चुकला असेल तर कुठल्या ओळीत चुकला ते मला लिहून पाठव.